दिसते किती आणि जगता येते किती?

माझ्या दवाखान्यात भिंतीवर अक्षरांचा एक तक्ता टांगलेला आहे. वर एकच मोठे अक्षर आणि खाली उतरत जाणाऱ्या बारीक ओळी. वाचकांपैकी बहुतेकांनी असा तक्ता कुठे ना कुठे वाचला असेल. गेली पंचवीस-तीस वर्षे मी पेशंटला त्याच्यासमोर उभे करतो, कागदावर एक आकडा लिहितो आणि पुढच्या पेशंटला हाक मारतो. हा आकडा नेमके काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे मला फार उशिरा उमगले. आजचा लेख त्याबद्दलच आहे.

दोन पेशंटची गोष्ट सांगतो. एक आमच्याच गावातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. दुसऱ्या आठवडी बाजारात भाजी विकणाऱ्या मावशी. दोघांच्याही डोळ्यांमागच्या पडद्याचा मधला भाग खराब झालेला. दोघांनाही जिल्ह्याच्या ठिकाणी नेत्रतज्ज्ञांनी तपासलेले, चष्म्याचा नंबर काढलेला. चष्मा लावून चांगल्या डोळ्याची नजर दोघांचीही 6/60. कागद शेजारी शेजारी ठेवले तर फरक सांगता येणार नाही.

मावशी आजही बाजारात बसतात. नोट बोटांनी चाचपून लांबी-रुंदीवरून ओळखतात. शंका आली की शेजारच्या लसूणवालीला विचारतात. वजनाला नात मदत करते. "दिसत नाही तर काय झालं डॉक्टर, गिऱ्हाइकाचा आवाज ओळखते मी," असे म्हणून हसतात.

गुरुजींनी मात्र घराबाहेर पडणेच सोडले होते. पेपर बंद, देवळासमोरचा कट्टा बंद, लग्नकार्य बंद. समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखू येत नाही म्हणून ते नमस्कार करत नसत. लोक म्हणू लागले, "गुरुजींना पेन्शनचा गर्व झाला." ते कानावर आले तसे गुरुजी आणखी आत गेले.

आकडा एक, आयुष्ये दोन. मग आपण मोजले ते नेमके काय?

तक्ता काय सांगतो?

हा तक्ता हॉलंडचे नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी 1862 साली तयार केला. 6/60 याचा अर्थ असा की, निरोगी डोळ्याला जे अक्षर साठ मीटरवरून वाचता येते ते या माणसाला सहा मीटरवरून वाचावे लागते. मोजमाप सोपे आहे, स्वस्त आहे, जगभर सारखे आहे. त्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. चष्म्याचा नंबर काढायला आणि आजार वाढला की नाही हे पाहायला तो हवाच.

पण तक्ता मोजतो ते पांढऱ्या कागदावरचे काळेभोर अक्षर, चांगल्या उजेडात, स्थिर उभे राहून. आपले आयुष्य असे नसते. पांढऱ्या तांदळातला पांढरा खडा, स्टीलच्या पेल्यातले पाणी, एकाच रंगाच्या सिमेंटच्या पायऱ्या, दिवेलागणीची वेळ, भर दुपारचे डोळे दिपवणारे ऊन, हे तक्त्यावर कुठे असते? एक रंग दुसऱ्यापासून वेगळा काढण्याची डोळ्याची ताकद निराळी आणि बारीक अक्षर वाचण्याची निराळी.

उलटेही घडते. माझ्याकडे एक दूधवाले येत. तक्त्याची शेवटची ओळ घडाघडा वाचत, पण रस्त्यात बसलेल्या म्हशीला सायकल धडकवत. घरचे म्हणत, लक्ष नसते. त्यांना काचबिंदू होता. या रोगात कडेची नजर आधी जाते आणि मधली बराच काळ शाबूत राहते. म्हणजे नळकांड्यातून पाहावे तसे दिसते. तक्त्याने त्यांना पहिल्या नंबराने पास केले होते.

अल्पदृष्टी कोणाला म्हणायचे?

येथे एक घोटाळा दूर करतो. नजर कमी आहे म्हणजे अल्पदृष्टी आहे असे नव्हे. चष्म्याने सुधारते ती अल्पदृष्टी नव्हे. मोतीबिंदू काढून सुधारते तीही नव्हे. सर्व उपचार आणि योग्य चष्मा झाल्यावरही चांगल्या डोळ्याची नजर 6/18 पेक्षा कमी राहते, किंवा नजरेचा आवाका फार आखडलेला असतो, पण उरलेल्या नजरेवर माणूस काही कामे करू शकतो, तेव्हा त्याला अल्पदृष्टी म्हणतात. मधुमेहाने खराब झालेला पडदा, काचबिंदू, उतारवयात पडद्याच्या मध्यभागाची होणारी झीज, रातांधळेपणापासून सुरू होणारे आनुवंशिक पडद्याचे रोग, फार मोठा मायनस नंबर ही त्याची नेहमीची कारणे.

यातला शेवटचा भाग महत्त्वाचा आहे: "उरलेल्या नजरेवर काही कामे करू शकतो." आपल्याकडे समाजाला दोनच जाती ठाऊक आहेत, डोळस आणि आंधळा. मधल्याला कोणी वाली नाही. तो काठी घेऊन चालला तर लोक म्हणतात सोंग करतो, आणि न घेता चालून पडला तर म्हणतात दिसत नाही तर बाहेर कशाला पडतो!

आपल्या देशात अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 साली सुरू झाला. मोतीबिंदूच्या बाबतीत त्याने मोठे काम केले. 2015 ते 2019 या काळातल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशी ओलांडलेल्या शंभर लोकांमागे सुमारे दोघे अंध आढळले आणि त्यातही सर्वांत मोठे कारण मोतीबिंदूच निघाले. म्हणजे शिबिरे हवीतच. पण शिबिराच्या अहवालात काय लिहितात? इतके तपासले, इतक्या शस्त्रक्रिया केल्या. त्यातला किती जणांचा दिवस बदलला, हा रकाना मी फारसा पाहिलेला नाही. आणि ज्यांची नजर शस्त्रक्रियेने सुधारणारच नव्हती ते तर कोणत्याच रकान्यात नसतात.

आयुष्य मोजता येते का?

वाचक म्हणतील, डॉक्टर, जगण्याचे काय माप काढणार? प्रश्न रास्त आहे. पण जगभरच्या लोकांनी यावर बरीच डोकेफोड केली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात जीवनमानाची प्रश्नावली तयार केली, तेव्हा अनेक देशांतल्या केंद्रांमध्ये आपल्याकडची दिल्ली आणि तेव्हाचे मद्रास हीही होती. त्यांच्या व्याख्येचा मथितार्थ असा की, माणूस ज्या समाजात राहतो त्या समाजाच्या चालीरीती आणि त्याच्या स्वतःच्या अपेक्षा लक्षात घेऊन आपले आयुष्य त्याला स्वतःला कसे वाटते, ते जीवनमान. म्हणजे उत्तर डॉक्टरने द्यायचे नाही, पेशंटने द्यायचे.

डोळ्यांसाठी वेगळ्या प्रश्नावल्या झाल्या. मदुराईच्या मोतीबिंदूच्या रुग्णांवर अशा प्रश्नांचा उपयोग करून केलेले काम 1997 सालीच प्रसिद्ध झाले. अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेची पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली 2001 साली आली. तीत गुण शून्य ते शंभर असतात. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद संस्थेत शाळकरी मुलांसाठी प्रश्नावली झाली, ती 2003 सालची. पुढे खास भारतीय रुग्णांसाठी तेहतीस प्रश्नांची प्रश्नावली तयार झाली.

भारतीय प्रश्नावली वेगळी का लागली? अमेरिकन प्रश्नावलीत मोटार चालवण्याबद्दल आणि नाटक-सिनेमा-सामन्यांना जाण्याबद्दल विचारतात. आमच्या भाजीवाल्या मावशींना मोटार चालवता येते का विचारले तर त्या माझीच नजर तपासून घ्यायला सांगतील! भारतीय प्रश्नावलीत रस्त्यातले खड्डे, वाटेतली जनावरे आणि वाहने, असे विषय आहेत. शिवाय आपण दुसऱ्यावर ओझे झालो असे वाटते का, उरलेली नजर जाईल अशी भीती वाटते का, हेही विचारतात. माझ्या मते हे प्रश्न सर्वांत मोलाचे. कारण ते पेशंट आपणहून सांगत नाही आणि डॉक्टर आपणहून विचारत नाही.

माझी चूक

आता गुरुजींकडे वळतो. पडद्याच्या आजाराचा रिपोर्ट घेऊन ते प्रथम माझ्याकडे आले तेव्हा बाहेर ओटीवर वीस-पंचवीस पेशंट बसले होते. मी रिपोर्ट वाचला आणि म्हणालो, "गुरुजी, आता यात काही करण्यासारखं राहिलं नाही. जपून राहा." वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने पहिले वाक्य निम्मे खरे होते. पडदा पूर्ववत होणार नव्हता. पण त्यांनी ते वाक्य पूर्ण खरे मानले आणि दुसरे तंतोतंत पाळले. दोन वर्षे ते जपून राहिले. म्हणजे खोलीत बसून राहिले.

पुढे एका वैद्यकीय चर्चासत्रात या प्रश्नावल्यांबद्दल ऐकले आणि मला गुरुजी आठवले. रक्तदाब तपासायच्या निमित्ताने त्यांच्या घरी गेलो. "कसे आहात?" विचारले. "बरं आहे," ते म्हणाले. मुलगा म्हणाला, "तब्येत उत्तम आहे बाबांची. आम्ही त्यांना काहीच करू देत नाही." मुलगा सद्गुणी आहे. तो हे अभिमानाने सांगत होता.

मग मी मुलाला चहा सांगण्याच्या निमित्ताने आत पाठवले आणि वेगळे विचारले, "गुरुजी, काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलंत?" ते बराच वेळ गप्प राहिले. म्हणाले, "काही नाही." मग एकेक बाहेर आले. पेपर दुसऱ्याने वाचून दाखवावा लागतो, तोही त्याच्या सवडीने. संडासच्या पायरीवरून दोनदा पडलो, घरी सांगितले नाही. सूनबाई ताटात काय वाढते ते कळत नाही, म्हणून सगळ्यांबरोबर जेवायला बसत नाही.

शेवटी आवाज खाली करून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, संध्याकाळी अंगणात लहान मुलं दिसतात. रंगीत टोप्या घातलेली. बोलत नाहीत. मला माहीत आहे की तिथे कोणी नसतं. मला वेड तर लागत नाही ना?"

दोन वर्षे हा माणूस ही भीती एकटा उराशी धरून बसला होता. ज्यांची नजर गेली आहे त्यांच्यातल्या काहींना अशी दृश्ये दिसतात. डोळ्याकडून मेंदूला चित्रे कमी मिळतात, तेव्हा मेंदू स्वतःच चित्रे तयार करतो. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी 1760 साली आपल्या आजोबांच्या बाबतीत हे लिहून ठेवले आणि या विकाराला त्यांचेच नाव मिळाले. माणसाचे भान शाबूत असते आणि दिसते ते खरे नाही हे त्याला कळत असते. हे वेड नव्हे, भूतबाधाही नव्हे. मी गुरुजींना हे सांगितले तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. मात्र दृश्यांबरोबर आवाजही ऐकू येत असतील, बोलण्यात गोंधळ असेल किंवा पेशंटला ती खरीच वाटत असतील, तर कारण दुसरे असू शकते. अशा वेळी डॉक्टरांना दाखवावे.

पुढे जे केले ते अगदी साधे होते. त्यांना अल्पदृष्टी विभाग असलेल्या नेत्र रुग्णालयात पाठवले. तेथून पायावर उभे राहणारे भिंग मिळाले. वाचताना खांद्यामागून उजेड येईल असा दिवा लावला. पायऱ्यांच्या कडांवर पिवळा पट्टा ओढला. स्टीलच्या ताटाऐवजी भातासाठी गडद रंगाचे ताट घेतले आणि वाटीत काय, ताटात कुठे काय, हे सूनबाई सांगू लागली. कट्ट्यावरच्या मंडळींना मी स्वतः सांगितले, "गुरुजींना हाक मारताना आधी आपलं नाव सांगा." आता ते रोज पेपरचे मथळे आणि एखादी बातमी स्वतः वाचतात. पूर्ण पेपर होत नाही, डोळे थकतात. कट्ट्यावर मात्र रोज जातात.

मध्यंतरी त्यांची नजर पुन्हा तपासली. 6/60. एका ओळीचाही फरक नाही. माझ्या भिंतीवरच्या तक्त्याला विचाराल तर गुरुजींच्या आयुष्यात काहीच घडलेले नाही.

आक्षेप आणि उत्तरे

डॉक्टर मित्र म्हणतात, तेहतीस प्रश्न विचारायला वेळ कुणाला आहे? मान्य. पूर्ण प्रश्नावली मोठ्या रुग्णालयांसाठी आणि संशोधनासाठी असू द्या. आपण पाच प्रश्न विचारू. रक्तदाबाचा पट्टा बांधून होईपर्यंत पाच प्रश्न होतात.

दुसरा आक्षेप असा की, आपली माणसे खरे सांगत नाहीत, "देवाच्या कृपेने बरं आहे" म्हणतात. हेही खरे. म्हणून मनाची स्थिती न विचारता कामे विचारावीत. आणि शक्यतो नातेवाइकाला उत्तर देऊ देऊ नये. ज्याचे जळते त्यालाच कळते.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मावशींसारख्यांना या मापात चांगले गुण मिळतील. मग त्यांना मदतीची गरज नाही असे ठरवायचे काय? मुळीच नाही. अपंगत्वाचा दाखला नजरेच्या आणि तिच्या आवाक्याच्या मोजमापावरच मिळावा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अंधत्व आणि अल्पदृष्टी यांच्या व्याख्या आकड्यांत दिल्या आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी चाळीस टक्क्यांची अट आहे. तेथे ठोस मापच हवे. नाहीतर धीट माणसाला त्याच्या धीटपणाची शिक्षा होईल. जीवनमानाचे माप दाखल्यासाठी नाही. या माणसासाठी आता पुढे काय करायचे, हे ठरवण्यासाठी ते आहे. मावशींनाही भिंगाचा उपयोग होईल. त्यांनी मागितले नाही म्हणून मीही कधी विचारले नव्हते, ही माझी दुसरी चूक.

माझे मत थोडक्यात सांगतो. प्रत्येक नेत्रशिबिराच्या नोंदवहीत आणि प्रत्येक डॉक्टरच्या केसपेपरवर नजरेच्या आकड्याखाली आणखी एक ओळ असावी: "या नजरेमुळे पेशंटचे कोणते काम अडते?" आणि काही महिन्यांनी तीच ओळ पुन्हा भरावी. तिला यंत्र लागत नाही, ग्रँट लागत नाही.

घरी हे विचारा

आपल्या घरात नजर कमी झालेले कोणी असेल तर आज निवांत बसून विचारा:

1. काल दिवसभरात तुम्ही स्वतः काय काय केले?
2. पूर्वी करत होता आणि दिसत नाही म्हणून सोडले, असे कोणते काम आहे?
3. समोरचा माणूस चेहऱ्यावरून ओळखता येतो का? येत नसेल तर काय करता?
4. गेल्या सहा महिन्यांत कुठे पडलात किंवा धडकलात का?
5. आपण घरच्यांवर ओझे झालो असे मनात येते का? जे नाही ते दिसते असे कधी होते का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट ऐका. त्यातले एक काम निवडा आणि ते परत कसे करता येईल ते पाहा. फक्त एकच. औषधाच्या बाटल्यांवर जाड काळ्या शाईने मोठी खूण करा. दाराच्या कडांना आणि पायऱ्यांना भिंतीहून वेगळा रंग द्या. घरातल्या वस्तूंच्या जागा बदलू नका. मोबाइल बोलून दाखवतो, ती सोय घरातल्या मुलाकडून सुरू करून घ्या. मूल फळ्यावरचे वाचत नसेल तर त्याला "ढ" म्हणण्याआधी डोळे तपासा. अल्पदृष्टी असलेल्या मुलांना परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक मिळण्याची तरतूद आहे, ती शाळेत विचारा.

मात्र हे सर्व डोळे नीट तपासून झाल्यावर. चष्मा किंवा शस्त्रक्रियेने सुधारणारी नजर भिंगावर ढकलू नका. मधुमेह असेल तर दिसण्यात तक्रार नसली तरी वर्षातून एकदा पडदा तपासा. काचबिंदूचे थेंब स्वतःहून बंद करू नका. नजर अचानक कमी झाली, सरळ रेषा वाकडी दिसू लागली किंवा डोळ्यासमोर पडदा सरकल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

आणि माझ्या व्यवसायबंधूंना हात जोडून एक विनंती. "आता काही करण्यासारखं नाही" हे वाक्य आपल्या तोंडून निघण्यापूर्वी समोरच्याला विचारा, "तुम्हाला काय करायचं आहे?" मी ते दोन वर्षे उशिरा विचारले.